हॉर्न नको, दार वाजवा

मुरूड,
१५ जानेवारी २०२५

सुचिता,

आशीर्वाद आधी देते, मग भांडते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचललास तरी उपयोग नव्हता, कारण फोन तुझ्या बाबांच्या खिशात आणि कान त्यांचे मधे. पत्रातही तेच आहे म्हणा. मी सांगते, हे लिहितात. जन्मभर एस.टी. चालवली आहे, कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा ह्यांचा नेम. आज कंडक्टर मी आहे.

पहिला राग तुझ्यावर. आई-बाप दारात उभे असताना खानावळीचं शटर खाडकन खाली ओढायचं, हे कुठं शिकलीस? माझ्या पायावर पडता पडता राहिलं. (पडलं नसतं. चांगलं दोन हात लांब होतं. — बाबा)

बघ, आत्ता मी गप्प होते तरी पेन चालत होतं. मला अक्षर येत नाही म्हणून काय झालं? पेनाचा आवाज येतो. काय लिहिलंत म्हणून विचारलं तर म्हणतात, टिंब दिलं. एवढं लांब टिंब मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसरा राग ह्या ट्रेलरवर. रिटायर झाली की माणसं देवाला जातात, नाहीतर नाक्यावर बसून दुसऱ्यांच्या सुना मोजतात. ह्यांनी रोह्याच्या वेल्डरकडे ठाण मांडून पत्र्याची खोली करून घेतली. दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी, खाली चाकं. ती जुन्या जीपला मागे अडकवली आणि म्हणाले, चल, सावकाश सगळ्यांना भेटून येऊ, कुणावर भार नको. मी भुलले. म्हटलं, एवढी वर्षं लोकांना फिरवलं, आता बायकोची पाळी आली. तुझ्या भावाच्या, कुलदीपच्या, स्वराजने मागच्या पत्र्यावर रंगाने ‘सावकाश’ लिहून दिलं. माझा नातू म्हणून सांगत नाही, पण त्याला तरी काय ठाऊक, की लोकांना ते दुकानाचं नाव वाटेल. जिथं थांबावं तिथं कोणीतरी डोकं आत घालून विचारतं, ‘मावशी, काय काय मिळेल?’

शनिवारी तुझ्याकडे तेच झालं. तू म्हणत होतीस आत या, आत या. हे म्हणाले, आमचं सगळं बरोबर आहे, आणि तुझ्या खानावळीसमोर शेगडी पेटवून भाताचं आधण ठेवलं. इतक्यात मुंबईचा एक चष्मेवाला आला, ‘काका, चहा आहे का?’ आता दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? मी चहा टाकला. त्याच्या मागे दुसरा आला. मग एका बाईने मॅगी मागितली. तुझी अर्धी गिऱ्हाइकं तुझ्या बापाच्या ट्रेलरसमोर रांग लावून उभी राहिली, यात माझा काय दोष? मी कुणाकडून पैसुद्धा घेतली नाही. तेवढ्यात तू हातात डाव घेऊन बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि शटर ओढलंस.

रीत काय आहे ते मला सांगू नकोस. लेकीला मूल होईपर्यंत आई-बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही ह्यांच्या घराण्याची रीत. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं, आम्ही जिथं भूक लागेल तिथं जेवायचो. ह्यांच्याकडे मात्र आजोबांनी पाळली, बापाने पाळली, आणि त्यांच्या लेकींना वर्षा-दोन वर्षांत मुलं झाली म्हणून कुणाला तिचा त्रास झाला नाही. तुला मूल झालं नाही. आणि ही पत्र्याची खोली कशासाठी केली ते मला तुझ्या दारात कळलं. म्हणजे तुला भेटल्यासारखंही झालं पाहिजे आणि तुझ्या घरात पाऊलही पडलं नाही पाहिजे. त्यासाठी माणसाने घराला चाकं लावली.

यावर मी आत्ता ह्यांना एक वाक्य सांगितलं. लिहा म्हटलं. पेन थांबलं. (हे वाक्य मी लिहीत नाही. — बाबा) झालं का म्हणून विचारलं, तर म्हणतात झालं. एवढं वाक्य आणि पेन एवढंसं सरकलं. घंटी दिली तरी गाडी हलली नाही, सुचिता. इथं काहीतरी राहिलंय, एवढं ध्यानात ठेव.

इथं मुरूडला तुझ्या आत्याकडे सगळं कसं बिनघोर. इंदूवन्संच्या घरात हे पलंगावर झोपतात, दोनदा भात मागून घेतात, बोंबील तळलेले हवेत की रस्स्यातले ते सांगतात. बहिणीकडचं म्हणे चालतं. मी विचारलं, बहीण कुणाची तरी लेकच ना? तर म्हणाले, तुला नाही कळायचं.

उद्या आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरू आणि पुढे श्रीवर्धनला तुझ्या भागोजीमामाकडे. उत्तर तिथं पाठव. शिव्या द्यायच्या असतील तर दे. वाचणारे हेच आहेत, तेवढंच त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल.

खालचा अंगठा माझा, वंगण ह्यांचं.

आई


रेवदंडा,
२१ जानेवारी

आई,

शटर तुझ्या पायापासून लांब होतं. बाबांनी पत्रात लिहिलंय ते खरं आहे. त्यांचं मला तेवढंच पटलं.

मला चहाचा राग नाही. मॅगीचाही नाही. त्या बाईने नंतर माझ्याकडे येऊन विचारलं, ‘समोरच्या आजी रोज असतात का?’ मी नाही म्हटलं. तेवढं मात्र लागलं.

बावीस वर्षं मी या गावात रांधतेय. कोण जेवून गेलं नाही माझ्याकडे? होडीवरची माणसं, कचेरीतली माणसं, सहलीची पोरं, वाट चुकलेले गोरे. बाबांच्या डेपोतले ड्रायव्हर मुद्दाम गाडी लावून येतात आणि परत जाऊन त्यांना सांगतात, बाळाजी, तुझ्या मुलीच्या हातचं कालवण म्हणजे काय विचारू नकोस. माझ्या हाताची चव बाबांना ऐकून माहीत आहे.

तुला आठवतं का, माझं लग्न झालं तेव्हा त्यांची गाडी रोहा-रेवदंडा होती. घरासमोरून जाताना दोनदा हॉर्न वाजवायचे. मी हातातलं टाकून दारात धावायचे. गाडी थांबायची नाही. पुढे स्टँडला लावून, सीटवर बसून तुझा डबा खायचे. एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन स्टँडवर गेले. म्हणाले, बाटली आहे. मी तांब्या घेऊन परत आले. तेव्हा वाईट वाटलं नाही. वाटलं, मूल होईल, मग उतरतील.

नाही झालं. अलिबागचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. सासूबाई बोलायच्या त्याही थकून थांबल्या. शेजारीण थांबली. मी आणि सिद्धेशनेसुद्धा तो विषय मिटवला, आम्ही बरे आहोत. एकटे बाबा थांबले नाहीत. ते बोलतही नाहीत, नुसतं पाणी बरोबर आणतात. दर वेळी ती बाटली बघितली की मला पुन्हा पहिल्यापासून कळतं, की मला मूल नाही.

आणि तू पत्रात सगळं सांगितलंस, एक सोडून. तू चहा ओतत होतीस तेव्हा सिद्धेश बाबांच्या हातापाया पडत होता, की मामा, दोन घास खा. तर बाबा मला म्हणाले, ‘बरं, मग गिऱ्हाईक म्हणून बसतो. थाळीचे काय होतात ते घे. म्हणजे रीतही राहील.’ आणि खिशात हात घातला. शटर मी त्यावर ओढलं. हे तू सांगितलं नाहीस, की त्यांनी लिहिलं नाही?

जाताना या वाटेने येऊ नका. श्रीवर्धनहून म्हसळा-माणगाव करून घरी जाता येतं, रस्ताही बरा आहे. आलातच तर हॉर्न वाजवू नका. माझ्या घराला दार आहे, ते वाजवता येतं. ज्याला ते वाजवायचं नाही, त्याने नुसतं पुढे जावं.

ते राहिलेलं वाक्य काय होतं?

सुचिता


श्रीवर्धन,
२७ जानेवारी

सुचिता,

या पत्राचं अक्षर वेगळं दिसेल. लिहिणारी ऋतिका आहे, तुझ्या भागोजीमामाची सून. नेरूळची आहे, चार शब्द बोलली की एक इंग्रजी निघतो, पण पेन प्रामाणिक आहे. (ताई, अ‍ॅक्च्युअली मी आत्या सांगतात तस्संच लिहितेय. — ऋतिका)

तुझं पत्र आलं. हे पडवीत बसून मोठ्याने वाचायला लागले. शटरचं वाचलं, ड्रायव्हरांचं वाचलं, तांब्याचं वाचताना जरा खोकले. पुढे मात्र आवाज असा सुटला, जशी एक्स्प्रेस गाडी बारक्या थांब्यावरून जाते. मी म्हटलं, मधे काय होतं? म्हणाले, काही नाही, हवापाणी. तू कधी हवापाणी लिहितेस? मी कागद ओढून घेतला आणि ऋतिकाला मागच्या दारी नेलं.

तिने वाचलं. गिऱ्हाईक म्हणून बसतो, हे तिने वाचलं तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, नेरूळच्या पोरीला मराठी नीट लागत नसेल.

मला हे माहीत नव्हतं. मी तिथं अनोळखी माणसांना साखर किती म्हणून विचारत होते, आणि चार पावलांवर माझा नवरा माझ्या लेकीला थाळीचा भाव विचारत होता. तू शटर ओढलंस ते हळू ओढलंस. पहिल्या पत्रात तुझ्यावर केलेला राग मी मागे घेते, तो सगळा आता एकाच ठिकाणी लागणार आहे.

हे ट्रेलरखाली आडवे होऊन वंगण घालत होते. मी वाकून विचारलं, ‘थाळीचे पैसे देणार होतात?’

‘रीत मोडत नव्हती त्याने.’

‘आणि लेक?’

‘तो पाना दे,’ म्हणून खालून हात पुढे आला.

‘तिला मूल नाही हे तुम्ही बावीस वर्षं बाटलीत भरून तिच्या दारात नेता,’ मी म्हटलं. ‘एवढं तर तिच्या सासूनेही केलं नाही.’

‘माझ्या बापाने जे पाळलं ते मी कसं मोडू?’

‘तुमच्या बापाने बैलगाडी पाळली. तुम्ही एस.टी. चालवलीत.’

तरी बाहेर आले नाहीत. जेवायला मात्र आले. मेहुण्याच्या घरचं चालतं.

आज सकाळी जीपचं तोंड म्हसळ्याकडे केलं. म्हणाले, पोरगीच नको म्हणते, तर कशाला जायचं. तुझ्या शब्दाआड लपत होते. मी भागोजीच्या पडवीत पाटावर बसले. म्हटलं, मी इथंच बरी आहे, तुमची खोली तुम्ही ओढून न्या. गेले की रागाने. मला वाटलं आता थेट माणगाव गाठतात. तर तासाभराने भागोजी बाजारातून हसत आला. म्हणाला, ‘आक्का, दाजी स्टँडवर अडकलेत. चार माणसं भजी मागतायत आणि एक जण पार्सल.’ ह्यांना चहासुद्धा धड जमत नाही. थोड्या वेळाने ट्रेलर परत आला. जीप वळवली आणि तोंड दिघीकडे करून उभी केली.

तर आम्ही येतोय. फेरीबोटीने, मुरूडवरून, तुझ्या दारावरून. तू येऊ नका म्हणालीस ते मी ऐकलं, आणि मी येतेय. मी तुझ्या घरात बसून, तुझ्या हातचं जेवणार आहे. आधीच जेवायला हवं होतं, पण ह्यांनी डोळे वटारले की माझा हात मागे यायचा. आता डोळे वटारून बघा म्हणावं. हे काय करतील ते मला ठाऊक नाही. ट्रेलरमध्ये बसतील. बसू देत, त्यासाठीच केलाय.

राहिलेलं वाक्य विचारतेस. ऋतिकाला सांगून आत्ता लिहवून घेतलं असतं, ती म्हणतेही आहे, आत्या सांगा ना. पण नाही. ज्याने गाळलं त्यानेच लिहायचं.

निरोप मुरूडला आत्याकडे पाठव.

आई


रेवदंडा,
३० जानेवारी

आई,

ये. तुझं ताट वाढते.

त्यांचं वाढून ठेवणार नाही. बावीस वर्षांत पुष्कळदा वाढलं, आणि झाकून ठेवलेलं पुन्हा पातेल्यात ओतलं. आता ते माझ्याने होत नाही. दार वाजलं तर वाढीन.

सुचिता


सुचिताचं घर, रेवदंडा,
२ फेब्रुवारी, दुपार

श्री. बाळाजी यांस,
मुक्काम ट्रेलर, सुचिताचं अंगण.

लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे माझं तुम्हाला पहिलं पत्र. पाठवायचं तर तुमच्याकडूनच लिहवून घ्यावं लागलं असतं, म्हणून राहिलं. आता लिहिणारी मिळाली आहे. ती तुमच्यावर रागावलेली आहे, पण अक्षर चांगलं आहे असं जावई म्हणतो. पत्र तोच घेऊन येईल. त्याला उगाच बसवून घेऊ नका, त्याला जेवायचं आहे.

सकाळी तुम्ही अंगणात गाडी लावलीत आणि हॉर्नवर हात ठेवलात तो मी पाहिला. काढलात तेही पाहिलं. तेवढ्यासाठी मी या पत्रात थोडी गोड बोलणार होते, पण नंतर तुम्ही ट्रेलरचं दार आतून लावून घेतलंत, तेव्हा ते राहू दे.

मी दार वाजवलं. हिने उघडलं आणि तांब्या पुढे केला. मी प्यायले, सगळा. पाणी आपल्यासारखंच आहे, जरा मचूळ. काही झालं नाही मला. तुम्ही खिडकीची पट्टी सरकवून बघत होतात, म्हणजे तुम्हाला दिसलंच असेल.

मग जेवले. तांदळाची भाकरी, पावट्याचं बिरडं, कोलंबीचं कालवण, वर सोलकढी. तुमच्या डेपोतले ड्रायव्हर खोटं बोलत नाहीत. मी मधेच थांबले, तर ही म्हणाली, ‘आई, तिखट झालं का?’ मी म्हटलं हो. कालवण अजिबात तिखट नव्हतं. हे ती आत्ता लिहिते आहे आणि तिला आत्ता कळतंय.

(बाबा, ती सांगते ते सगळं लिहितेय. काही गाळत नाही. — सुचिता)

आता तुम्हाला कळवायच्या गोष्टी. मघाशी तुम्ही किनाऱ्यावर पाय मोकळे करायला गेलात, तेव्हा मी तुमच्या टाकीची तोटी सोडली. पाणी सुचिताच्या माडाला गेलं, वाया गेलेलं नाही. शेगडीचा बाटला जावयाने आत आणला आहे, त्यावर आता तुमच्या आवडीचे बोंबील तळायचे की नाही याचा विचार चालू आहे. अंगणात जाळ करून शेंगांची पोपटी लावा, अंगण म्हणजे काही घर नव्हे, असली पळवाट तुम्ही काढाल म्हणून शेंगांचं मडकंही आत घेतलं.

गिऱ्हाईक म्हणून यायचं असेल तर खानावळ आज बंद आहे. ऐन रविवारी बंद ठेवली आहे. पाटी दिसते ना? तुम्हाला वाचता येतं. उघडं आहे ते फक्त घर.

आणखी एक. आत्ता जोडपं आलं होतं तुमच्याकडे, वडे मागत. तुम्ही बंदची पाटी विसरून खिडकीतून हात काढून सुचिताच्या दाराकडे बोट केलंत आणि म्हणालात, ‘तिकडे जा. तिच्यासारखं जेवण या पट्ट्यात मिळणार नाही.’ जावयाने ऐकलं. आत येऊन त्याने सांगितलं, तेव्हा लेक तुमची चुलीकडे तोंड करून उभी राहिली, ती मी पेन पुन्हा हातात दिल्यावर वळली. दुसऱ्याला दार दाखवता येतं तुम्हाला. मोठ्याने, बोट करून.

मला तुमचा राग आला आहे आणि तो पोटभर जेवूनही गेलेला नाही. तुम्ही वाईट असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही सरळ आहात, नुसते थांबत नाही.

मुरूडला सांगितलेलं वाक्य तुमच्याकडे आहे. या कागदाची मागची बाजू कोरी ठेवायला सांगितली आहे.

ठमाबाई
(हा अंगठा. वंगण नाही, कालवण आहे.)


(त्याच कागदाच्या मागे)

सुचितास,

पेन सापडायला वेळ लागला.

मुरूडला तुझी आई म्हणाली होती ते असं: ‘मूल होईपर्यंत म्हणतात ना? मग लिहा, त्या घरात बावीस वर्षं मूल आहे. आपलंच आहे.’

मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढे काय करायचं ते ठरून गेलं असतं.

थाळीचं बोललो ते बोलायला नको होतं.

तांब्या बाहेर पाठवू नकोस, मीच येतो. सिद्धेशला सांग, पत्र घेऊन इकडे येताना त्याने घराचं दार उघडं टाकलंय ते लावून घे. मला वाजवायचं आहे.

बाबा